रिले : मुद्दाम अडाणी ठेवलेलं यंत्र

नॉस्टर या विकेंद्रित समाजमाध्यमाचा रिले म्हणजे मुद्दाम अडाणी ठेवलेला सर्व्हर. त्याला तुमचा पासवर्ड ठाऊक नसतो आणि कोण कोणाचा मित्र याचं सोयरसुतकही नसतं. सही केलेला मजकूर आला की सही तपासायची, मजकूर ठेवून घ्यायचा, कुणी मागितला की द्यायचा. बास. सगळी अक्कल वापरणाऱ्याच्या फोनमधल्या ॲपमध्ये.

‘फियाटजाफ’ या टोपणनावाने वावरणाऱ्या प्रोग्रामरने २०२० मध्ये ही मांडणी केली. डिसेंबर २०२२ मध्ये ट्विटरचे सहसंस्थापक जॅक डॉर्सी यांनी त्याला सुमारे १४ बिटकॉइन दिले आणि नॉस्टर बातम्यांत आलं. पुढच्याच फेब्रुवारीत नॉस्टरवर चालणारं ‘डॅमस’ हे ॲप ॲपलच्या चीनमधल्या ॲप स्टोअरवर आल्यावर काही दिवसांतच तिथून हटवलं गेलं. रिले मात्र चालूच राहिले. ते ॲपलच्या दुकानात कधी नव्हतेच.

मॅस्टोडॉन हे समाजमाध्यमही विकेंद्रितच, पण तिथे तुमचं खातं एका सर्व्हरचं असतं. तो चालवणारा कंटाळला की तुमची पंचाईत. नॉस्टरमध्ये ओळख म्हणजे किल्ल्यांची एक जोडी, आणि तिच्यातली गुप्त किल्ली फक्त तुमच्याजवळ. रिले धर्मशाळेसारखा: कुणाला उतरू द्यायचं ते व्यवस्थापक ठरवतो, पण वाटसरू त्याच्या मालकीचा नसतो. एकच मजकूर चार-पाच रिलेंवर पाठवायची पद्धत असल्याने एखादा बंद पडला तरी बाकीचे असतात. रिले आपापसांत बोलतीलच असंही नाही. जुळवाजुळव ॲपच करतं.

प्रत्येक मजकुराला सात रकाने असतात: ओळखक्रमांक, लिहिणाऱ्याची जाहीर किल्ली, वेळ, प्रकार, खुणा, आशय आणि सही. ओळखक्रमांक हा सही सोडून बाकीच्या मजकुराचा एसएचए-२५६ हॅश, आणि सही श्नॉर पद्धतीची. त्यामुळे रिलेचा मालक एखादी पोस्ट दडवू शकतो, पण तिच्यातला एक काना-मात्राही गुपचूप बदलू शकत नाही. मला या सगळ्या रचनेतली ही गोष्ट सर्वांत मोलाची वाटते.

स्वतःचा रिले उभा करायचा तर ‘स्ट्रफ्राय’ ही चांगली निवड. सी प्लस प्लसमध्ये लिहिलेला हा प्रोग्राम एलएमडीबी नावाच्या फाइलीतल्या डेटाबेसवर चालतो, वेगळा डेटाबेस सर्व्हर लागत नाही. घरच्या जुन्या लॅपटॉपवरही चालेल. पण आपल्याकडच्या अनेक ब्रॉडबँड जोडण्यांना स्वतंत्र आयपी पत्ता मिळत नाही, म्हणून भाड्याचा छोटा आभासी सर्व्हर (व्हीपीएस) बरा. स्ट्रफ्राय ७७७७ या पोर्टवर ऐकतो. त्याच्यापुढे एनजिनएक्स हा वेब सर्व्हर बसवायचा आणि लेट्स एन्क्रिप्टचं मोफत प्रमाणपत्र घ्यायचं.

अडचणी बारीक असतात आणि तिथेच लोक दमतात. स्ट्रफ्राय सुरू होताना दहा लाख फाइली उघडण्याची परवानगी मागतो. ती मिळाली नाही की तो उठतच नाही. कॉन्फिगमध्ये त्या जागी शून्य लिहिलं की भागतं. ॲप आणि रिले वेबसॉकेटवर बोलतात, म्हणून एनजिनएक्सला ‘अपग्रेड’ हेडर पुढे पाठवायला वेगळं सांगावं लागतं. शांत पडलेली जोडणी एनजिनएक्स ६० सेकंदांनी तोडतो. स्ट्रफ्राय दर ५५ सेकंदांनी पिंग पाठवतो तो त्यासाठीच. सर्व्हरचं घड्याळही बरोबर हवं. १५ मिनिटांहून जास्त पुढची वेळ असलेला मजकूर स्ट्रफ्राय नाकारतो. घड्याळ त्याहून मागे पडलं तर सगळ्यांच्या ताज्या पोस्टी परत जातात आणि मालक मात्र फायरवॉल तपासत बसतो!

इथवरचं काम एका संध्याकाळचं. खरा प्रश्न पुढचा: कुणाला लिहू द्यायचं? खुला रिले स्पॅमवाल्यांना लवकर सापडतो. स्ट्रफ्रायला तुम्ही पायथॉनमध्ये लिहिलेला छोटा प्रोग्राम जोडता येतो. येणारा प्रत्येक मजकूर तो आधी पाहतो आणि होय-नाही सांगतो. तिसरा पर्यायही आहे: पाठवणाऱ्याला ‘मिळालं’ म्हणायचं आणि मजकूर ठेवायचाच नाही. हा मला अप्रामाणिक वाटतो, पण स्पॅमवर उपयोगी पडतो.

कायद्याची बाजूही आहे. इतरांचा मजकूर साठवून पुढे देणारा रिलेचालक माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० नुसार ‘मध्यस्थ’ ठरू शकतो. कलम ७९ चं संरक्षण सशर्त आहे, आणि न्यायालयाचा आदेश आला तर मजकूर काढावा लागतो. तुमच्या डेटाबेसमधून तो जाईल. ज्या दुसऱ्या रिलेंवर गेला असेल तिथून जाईल याची हमी नाही. नॉस्टरमध्ये पोस्ट पुसणं ही फक्त विनंती असते.

म्हणून माझं मत असं, की सगळ्या जगासाठी खुला रिले चालवण्याच्या फंदात एकट्याने पडू नये. आपल्या गटासाठी, मंडळासाठी, ठरावीक किल्ल्यांनाच लिहू देणारा रिले जरूर चालवावा. लिहिणं मर्यादित केलं तरी वाचणं त्याने आपोआप बंद होत नाही, हे सदस्यांना आधीच सांगा. खासगी काही तिथे टाकू नका. दर आठवड्याला ‘स्ट्रफ्राय एक्सपोर्ट’ चालवून निघालेली फाइल दुसऱ्या यंत्रावर ठेवा. आणि प्रत्येकाला त्याच्या ॲपमध्ये तुमच्या रिलेशिवाय आणखी दोन रिले जोडायला लावा.