शून्य, रिक्त आणि अज्ञात

संगणकाच्या अध्ययनामुळे ‘नल’ ही संज्ञा आता आपल्या विद्यार्थ्यांच्या तोंडी रुळली आहे. तिचा अर्थ विचारला असता बहुतेक जण ‘शून्य’ असे उत्तर देतात. हे उत्तर चुकीचे आहे.

शून्य ही संख्या होय. ‘लीलावती’त भास्कराचार्यांनी तिची आठ परिकर्मे सांगितली आहेत. रिक्त संच ही निराळी वस्तू. त्यात एकही घटक नसतो. त्याची घटकसंख्या शून्य असते, पण तो स्वतः शून्य नव्हे. ज्या संचात केवळ शून्य आहे, तो एका घटकाचा संच होय.

भाषेच्या अभ्यासकास हा भेद नवा वाटू नये. ‘घोडा’चे अनेकवचन ‘घोडे’, परंतु ‘दगड’चे ‘दगड’च. ‘दगड पडले’ असे म्हणताच क्रियापद अनेकवचनाची साक्ष देते. प्रत्यय दिसत नाही, कार्य मात्र घडते. पाणिनीने लोपाची व्याख्या ‘न दिसणे’ अशीच केली आहे, आणि प्रत्ययाचा लोप झाला तरी त्याचे कार्य राहते असेही सांगितले आहे. हा अभाव अर्थपूर्ण आहे.

संगणकातील ‘नल’ मात्र दोन प्रकारचा. १९६५ साली टोनी होअर यांनी अल्गॉल डब्ल्यू या भाषेत रिक्त निर्देश आणला. तो कोणत्याही वस्तूकडे बोट दाखवीत नाही. पुढे २००९ मध्ये त्यांनीच ती आपली अब्ज डॉलरची चूक ठरविली. एसक्यूएलच्या माहितीकोशातील ‘नल’ म्हणजे मूल्य नोंदलेले नसणे.

खरी अडचण येथेच आहे. पाच विद्यार्थ्यांपैकी चौघांना ४०, ६०, ५० आणि ५० गुण मिळाले, पाचवा गैरहजर. त्याची जागा रिक्त ठेवली तर सरासरी ५० येते, शून्य लिहिले तर ४०. रिक्त ठेवणेच योग्य, असे माझे मत; तथापि त्यातही एक खाच आहे. अज्ञाताशी केलेली तुलना खरीही ठरत नाही आणि खोटीही. म्हणून ३५ पेक्षा कमी गुणांची यादी मागवा, वा ३५ आणि त्याहून अधिक गुणांची. हा विद्यार्थी दोन्हींत सापडणार नाही. दोन याद्या मिळून वर्ग पूर्ण झाला असे समजणाऱ्या लेखनिकाच्या हिशेबी तो वर्गात नव्हताच. त्याला शोधावयाचे, तर ‘गुण नोंदलेलेच नाहीत काय?’ असा तिसरा प्रश्न स्वतंत्रपणे विचारावा लागतो.