धनुष्याचें वजन

जड धनुष्य तेंच जोरदार, असा एक समज आढळतो. तो खरा नाहीं. दोरी ओढण्यास लागणारा जोर वेगळा, आणि तराजूंत भरणारें वजन वेगळें. येथें विचार करावयाचा आहे तो दुसऱ्याचा. पण पहिल्यास वगळून तो करतां येत नाहीं.

सोनपेठेस कोणी मुलासाठीं लाकडाचें धनुष्य करावयास बसला, तर त्याची पहिली गांठ हवेशीं पडते. लाकूड हवेंतील ओलावा घेतें आणि सोडतें. पूर्ण वाळल्यावर ६०० ग्रॅम भरणारें लाकूड घ्या. त्यांत शेंकडा ८ ओलावा असला तर तें ६४८ ग्रॅम होतें. पावसाळ्यांत तोच १६ वर गेला तर ६९६. सुमारें चार तोळे वाढले, पण जोर घटला! ओलें लाकूड लवचिक नव्हे, लिबलिबित होतें. उलट, भर वैशाखांत अति वाळलेलें धनुष्य पूर्ण ओढलें तर तडकण्याची भीति. आणि त्याची ढलपी उडते ती ओढणाऱ्याच्या तोंडाशीं.

दुसरी गोष्ट घनतेची. सातपुड्यांतील भिल्लांचा कामठा बांबूचा. त्याची दोरीही परंपरेनें बांबूच्याच सालीची. बांबूचे कणखर तंतू बाहेरच्या सालीकडे दाट असतात, आंतला भाग भुसभुशीत. म्हणून तो आंतून तासावा. वजन जातें, बळ राहतें. बाहेरची साल तासणें म्हणजे मुद्दल खर्चून व्याज राखणें होय.

आतां आकार. रुंदी दुप्पट केली तर वजन दुप्पट होतें आणि ताठपणाही दुप्पट. परंतु जाडी नुसती सव्वापट केली तरी ताठपणा जवळजवळ दुप्पट होतो, वजन मात्र चतुर्थांशच वाढतें. मग सर्वच धनुष्यें अरुंद व जाड कां करूं नयेत? कारण जाड काठी वांकवली कीं तिच्या पाठीवर ताण अधिक येतो. हलकें, दुबळें लाकूड तो सोसत नाहीं; त्याला रुंद व पातळच ठेवावें लागतें. घट्ट लाकूड अरुंद चालतें. त्यामुळें लाकडें भिन्न असूनही सारख्या ओढीचीं धनुष्यें पुष्कळदां सारख्याच वजनाचीं उतरतात.

लांबीनें वजन वाढतें खरें, पण बांक सौम्य होतो. १५४५ सालीं इंग्लंडच्या किनाऱ्याजवळ बुडालेल्या ‘मेरी रोझ’ जहाजांतून शंभराहून अधिक धनुष्यें पुढें वर काढलीं गेलीं. तीं यू नांवाच्या वृक्षाचीं, बहुतेक सहा फुटांहून लांब आहेत.

वजन किती, यापेक्षां तें कोठें आहे हें अधिक महत्त्वाचें. मुठीजवळचें लाकूड फारसें हलत नाहीं, तेथें तोळाभर अधिक असल्यास बिघडत नाहीं. टोंकें मात्र दोरीबरोबर वेगानें धांवतात. तेथील प्रत्येक मासा बाणाची गति खातो. म्हणून जाणता कारागीर टोंकें शेवटपर्यंत तासत राहतो.

तेलाचा हात दिल्यानें ओलावा शिरण्यास वेळ लागतो, तो थांबत नाहीं. धनुष्य दोरी उतरवून, चुलीपासून दूर व ओलसर भिंतीला न टेकतां आडवें ठेवावें.