दादा, ताई, अर्धा तास आहे का?

जूनचा दुसरा पंधरवडा. सकाळची वेळ. कळंबला पुणे-नाशिक रस्त्याच्या कडेला दोन प्रकारची मंडळी उभी असतात. एक म्हणजे तुम्ही. मंचरला नाहीतर नारायणगावला कॉलेजला निघालेले, पाठीला सॅक, कानात इयरफोन, खिशात एसटीचा पास. दुसरी शाळेची पोरं. युनिफॉर्म नवा, पण अंगापेक्षा दोन बोटं मोठा, कारण तो पुढच्या वर्षीही पुरवायचा असतो. काही गावातल्या मराठी शाळेत जाणारी, काही स्कूलबसची वाट बघणारी. आणि एखादं लांबच्या मिशनच्या शाळेत नव्यानं नाव घातलेलं, हॉस्टेलची पत्र्याची पेटी शेजारी ठेवून आईबापाबरोबर गाडीची वाट बघत बसलेलं.

त्या पेटीवाल्या पोराकडे एकदा नीट बघा. त्याच्याभोवती सल्ल्यांचा नुसता पाऊस चाललेला असतो. ‘नीट अभ्यास कर.’ ‘घराण्याचं नाव काढ.’ ‘दिवाळीला येशील तेव्हा इंग्रजी फाडफाड बोललं पाहिजे.’ पोरगं मान हलवतं. शाळेतही पहिल्या दिवशी छान स्वागत होतं. प्रार्थना होते, फादर किंवा सिस्टर दोन धीराचे शब्द सांगतात, नव्या पुस्तकांचा वास येतो. हे सगळं चांगलंच आहे. पण हा धीर साधारण तीन आठवडे पुरतो. खरी गरज लागते ती त्यानंतर.

‘येस मिस’चा सापळा

तिसऱ्या आठवड्यात काय होतं, ते तुमच्यापैकी अनेकांना आठवत असेल. मराठी शाळेतून इंग्रजी माध्यमात गेलेलं असो, नाहीतर पाचवी-आठवीला सेमी घेतलेलं असो, पोरगं सगळ्यात आधी एक उत्तर शिकतं: ‘येस मिस.’ समजलं का? येस मिस. लिहून घेतलं का? येस मिस. वर्ग भरलेला, पोर्शन पुढे ढकलायचा, त्यामुळे बाईही पुढच्या धड्यावर जातात. पोरगं मात्र मागच्याच धड्यावर अडकलेलं असतं.

मग डायरीत शेरा येतो, इंग्रजीतून. खाली पालकांची सही हवी. बाप पहाटेच टोमॅटोची क्रेट घेऊन मार्केटला गेलेला, आई कांद्याच्या खुरपणीला. संध्याकाळी आई विचारते, ‘काय लिहिलंय रं?’ पोरगं सांगतं, ‘काही नाही, सही कर.’ आई सही करते. असे पाच-सहा शेरे जमले आणि पहिली चाचणी झाली, की घरातलंच कोणीतरी तो शब्द उच्चारतं: मठ्ठ.

हा शब्द एकदा चिकटला की सुटत नाही. तो ऐकूनच कित्येक पोरं शाळेतून मनानं उठतात. शरीरानं उठतात ती आठवी-नववीत. आधी फी, बस, हॉस्टेल यासाठी घरच्यांनी जे पोटाला चिमटा काढून घातलेलं असतं, ते वाया गेल्याचं खापरही पोराच्याच डोक्यावर फुटतं.

याच रस्त्यानं थोडं पुढं गेलं की आळेफाटा येतो. ज्ञानेश्वरांनी ज्याच्या तोंडून वेद वदवले असं सांगतात, त्या रेड्याची समाधी आळ्याला आहे. आपण लहानपणापासून तिथं नमस्कार करत आलो. ज्या मुलखात रेड्यानं वेद म्हटल्याची गोष्ट घरोघरी सांगतात, तिथं पोराला तीन आठवड्यांत मठ्ठ ठरवायची इतकी घाई कशाला?

कॉन्व्हेंट म्हणजे फाडफाड इंग्रजी?

कॅथलिक शाळा म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे एकच चित्र येतं: कॉन्व्हेंट, टाय, इंग्रजी. पण महाराष्ट्रातल्या कॅथलिक शाळांची गोष्ट याहून मोठी आहे. आळेफाट्याच्याही पुढं संगमनेरला गेलात तर तिथं जेझुइट फादरांची शाळा आहे. तिचं नाव ज्ञानमाता. अगदी आपलं, मराठी नाव.

तिकडे वसईजवळच्या नंदाखाल गावात १९४२ साली जन्मलेला एक मुलगा गावातल्याच संत जोसेफ शाळेत मराठीतून शिकला. पुढे १९७२ मध्ये तो धर्मगुरू झाला. ‘सुवार्ता’ हे मराठी मासिक त्यानं वर्षानुवर्षं चालवलं, बायबल सोप्या मराठीत आणलं, वसईची हिरवाई वाचवायच्या लढ्यात उभा राहिला. जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबादला झालेल्या ९३व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचा अध्यक्ष तोच होता. ते फादर फ्रान्सिस दिब्रिटो. जुलै २०२४ मध्ये ते गेले. मिशनच्या शाळेतून मराठी घेऊन बाहेर पडलेला मुलगा कुठवर जातो, याचं हे उदाहरण पेटीवाल्या पोराला जरूर सांगा.

आणि भाषेची भीती वाटते म्हणाला, तर त्याला चारशे वर्षं मागं न्या. १५७९ मध्ये थॉमस स्टीफन्स नावाचा तिशीतला इंग्रज जेझुइट गोव्यात उतरला. इथल्या भाषेचा त्याला गंध नव्हता. तो ती शिकला, लोकांत राहून शिकला. त्याचं ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये छापून झालं. दहा हजारांहून जास्त ओव्या, मराठीत. मधे किती वर्षं गेली? सदतीस. आपण मात्र दहा वर्षांच्या पोराकडून दिवाळीपर्यंत फाडफाडची अपेक्षा करतो!

आणखी एक गंमत. तेव्हा तिथं देवनागरीचे खिळे नव्हते, म्हणून हे मराठी पुस्तक रोमन लिपीत छापलं गेलं. तुम्ही व्हॉट्सॲपवर इंग्रजी अक्षरांत मराठी टाइप करता ना? स्टीफन्स त्या बाबतीत तुमचा पूर्वजच.

दहा जणांमागे एक

जेझुइटांनी १५९९ मध्ये आपल्या शाळा-कॉलेजांसाठी एक नियमावली पक्की केली. तिचं लॅटिन नाव थोडक्यात ‘रात्सिओ स्तुदिओरुम’. त्यात एक साधी युक्ती आहे. वर्गातल्याच काही विद्यार्थ्यांना ‘देकुरियो’ नेमायचं. रोमन सैन्यात दहा जणांच्या म्होरक्याला हे नाव होतं. या म्होरक्यानं बाकीच्यांचं पाठांतर ऐकायचं, वह्या गोळा करायच्या, कोणाचं काय राहिलं ते शिक्षकांना सांगायचं. एकट्या शिक्षकाला सगळ्यांपर्यंत पोहोचता येत नाही, हे त्यांना तेव्हाच कळलं होतं. आपल्या पंतोजींच्या शाळेतही थोरली मुलं धाकट्यांकडून उजळणी करून घ्यायचीच.

आता कळंबचा हिशोब मांडू. तुमच्या आळीत, वाडीत, मळ्यात अशी नवी शाळा, नवं माध्यम सुरू केलेली किती पोरं असतील? एक, दोन, फार तर पाच. आणि एफवाय-एसवायला असलेले तुम्ही किती? गणित सोपं आहे.

‘माझंच इंग्रजी कच्चं आहे, मी काय शिकवणार?’ हे तुमच्या ओठांवर आलं असेल. पण तुम्हाला शिकवायचंच नाहीये. ते काम शाळेतल्या बाई करतात. तुमच्याकडे त्यांच्याकडे नसलेली एक गोष्ट आहे: न समजण्याचा ताजा अनुभव. ‘मला पण सहावीत काहीच कळायचं नाही, मी पण नुसतं येस मिस म्हणायचो,’ हे वाक्य एखाद्या ताईच्या, दादाच्या तोंडून ऐकलं की पोराचे खांदे सैल होतात. भाषणानं हे होत नाही.

मग करायचं काय?

आठवड्यातून तीन दिवस, अर्धा तास. ओट्यावर, देवळाच्या पडवीत, कुठंही. फक्त आपल्याकडे ऊस आहे आणि उसात बिबट्या आहे, त्यामुळे दिवेलागणीच्या आत उरका आणि धाकट्याला घराच्या दारापर्यंत सोडा.

पहिलं काम, डायरी उघडा. शेरा वाचून त्याच्या आईला मराठीत सांगा. रागावण्यासारखं असेल तर जरा बेतानं सांगा, पण खरं सांगा.

दुसरं, आजचा धडा त्याला आधी मराठीत सांगू द्या. गोष्ट कळली असेल तर इंग्रजी शब्द मागाहून बसतात. गोष्टच कळली नसेल तर पाठ केलेल्या उत्तराला अर्थ नाही.

तिसरं आणि सगळ्यात महत्त्वाचं, त्याला एक वाक्य शिकवा: ‘मिस, आय डिड नॉट अंडरस्टँड.’ दहा वेळा म्हणवून घ्या, हसत-खेळत. वर्गात हात वर करून हे ज्या दिवशी तो म्हणेल, त्या दिवशी तुमचं निम्मं काम झालं.

हॉस्टेलवर गेलेल्या पोरासाठी रविवारचा फोन. पहिला प्रश्न मार्कांचा नको. जेवायला काय होतं, शेजारच्या कॉटवर कोण आहे, हे विचारा. बाकीचं तो आपणहून सांगेल.

घरचे कधी कधी हळूच विचारतात, ‘तिथं त्यांची प्रार्थना म्हणावी लागती का?’ त्यांना साधं, खरं उत्तर द्या. सरकारमान्य किंवा अनुदानित शाळेत कुणालाही संमतीशिवाय धार्मिक शिक्षण किंवा उपासना सक्तीची करता येत नाही. मूल अज्ञान असेल तर ती संमती पालकांची लागते. घटनेच्या कलम २८ मध्ये हे लिहिलेलं आहे. शंका असेल तर शाळेत जाऊन मोकळेपणानं बोला म्हणावं.

आणि दोन गोष्टी टाळा. शेजारच्या पोराशी तुलना नको. आणि याचं रील नको. त्याची अडचण हा तुमचा कंटेंट नाही.

हे सगळं एकदा जोशात सुरू करून गणपतीत सोडून द्यायचं असेल, तर सुरूच करू नका. पोरं वाट बघतात. तुमच्या परीक्षा, सबमिशन येतील तेव्हा सरळ सांगा, ‘पुढचे दहा दिवस नाही जमणार, अकराव्या दिवशी भेटू.’ आणि अकराव्या दिवशी खरंच भेटा. दिलेला शब्द पाळणारं मोठं माणूस भेटणं, हा त्याच्यासाठी कुठल्याही धड्याइतकाच मोठा धडा आहे.

उद्या सकाळी गाडीची वाट बघताना एक कान मोकळा ठेवा. शेजारी नव्या युनिफॉर्ममधलं कुणी उभं असेल. त्याला ‘कितवीला?’ सगळेच विचारतात. तुम्ही विचारा, ‘काल काय नाही समजलं?’