बिनविरोध गावाची बोली

ग्रामपंचायत निवडणुकीतली खरी धावपळ मतदानाच्या दिवशी नसते, ती माघारीच्या दिवशी असते. दुपारी तीनची मुदत जवळ आली की तहसील कचेरीच्या आवारात गावोगावच्या जीपा लागतात. एखाद्या अडून बसलेल्या उमेदवाराला मधे बसवून आणलेलं असतं आणि गावातले कुणी आबा किंवा नाना त्याच्या खांद्यावर हात ठेवून सांगत असतात, "भाऊ, गावासाठी सही करून टाक." सही झाली की गुलाल निघतो. दुसऱ्या दिवशी बातमी छापून येते, अमुक गाव बिनविरोध. त्या सहीआधी पारावर काय ठरलं, ते बातमीत नसतं.

नंदुरबार तालुक्यातल्या खोंडामळीचं मात्र तेच बाहेर आलं. 15 जानेवारी 2021 ला राज्यातल्या चौदा हजारांहून अधिक ग्रामपंचायतींसाठी मतदान होणार होतं आणि 4 जानेवारीला माघार. खोंडामळीत सरपंचपदाची बोली लागली आणि ती 42 लाखांवर थांबली. पैसा मंदिरासाठी. त्याच सुमारास नाशिक जिल्ह्यातल्या उमराण्यात अशीच बोली 2 कोटी 5 लाखांपर्यंत चढली, तीही मंदिरासाठीच.

यामागचा हिशेब सरळ आहे. जनतेतून थेट सरपंच निवडण्याची पद्धत 2020 मध्ये सरकारने रद्द केली होती. सरपंच पुन्हा सदस्यांमधून निवडला जाणार होता. म्हणजे ज्याला खुर्ची हवी, त्याला आधी सदस्य आपले हवेत. वॉर्डावॉर्डात लढण्यापेक्षा लढतच टाळणं सोपं. गावकऱ्यांची बाजूही अगदीच पोकळ नसते. निवडणूक आली की भाऊबंदकी पेटते, दारू-मटणावर पैसा उधळला जातो, पुढची पाच वर्षं एकमेकांच्या लग्नाला लोक जात नाहीत. तोच पैसा देवाच्या नावाने गावात राहिला तर बिघडलं कुठे, असं ते विचारतात. आणि मंदिराच्या देणगीला भर सभेत नाही म्हणायची छाती कुणाची?

गंमत अशी की सरपंचपदाच्या आरक्षणाची सोडत सरकारने त्या वर्षी मतदानानंतर काढायची ठरवली होती. पद कोणत्या प्रवर्गाला जाईल हे कळायच्या आधीच त्याचा भाव ठरला.

राज्य निवडणूक आयोगाकडे तक्रारी गेल्या, बातम्या झळकल्या. अहवाल मागवले गेले आणि मतदानाला दोन दिवस उरले असताना, 13 जानेवारीला, निवडणूक आयुक्त यू. पी. एस. मदान यांनी दोन्ही गावांची निवडणूक रद्द केली. तेव्हा काही आमदारही बिनविरोध गावांना निधी द्यायला निघाले होते. पारनेरचे नीलेश लंके यांनी 25 लाखांची घोषणा केली होती. निधी देणारे आणि बोली लावणारे एकाच पारड्यात बसत नाहीत हे खरं, पण लढत झाली नाही म्हणजे गाव शहाणं, ही समजूत दोघांची एकच.

ग्रामपंचायतीचा अर्ज भरताना अनामत असते 500 रुपये, राखीव जागेवर 100. शेतमजुराला, भिलाटीतल्या एखाद्या ताईलाही उभं राहता यावं म्हणून ती एवढी कमी. खुर्चीचा भाव 42 लाखांवर गेला की त्या शंभर रुपयांना काही किंमत उरत नाही. बोलीच्या बैठकीला या माणसांना बोलावणं नसतं, आणि बोलावलं तरी ती बोलणार काय?

सामोपचाराने बिनविरोध झालेली गावंही आहेत, त्यांचं कौतुक व्हावं. फक्त हार घालण्याआधी एवढं विचारावं की अर्ज किती आले होते, माघार कुणी घेतली आणि त्या आठवड्यात मंदिराला किती देणगी जमली.