संघच गेला तर लीगनं काय करायचं?

१२ जानेवारी २०१८ ची रात्र. सातारा जिल्ह्यातल्या औंधचं कुस्ती मैदान आटोपून कुंडलच्या क्रांती कुस्ती संकुलातले पैलवान क्रूझरनं परत निघाले होते. सांगली जिल्ह्यात, कडेगाव तालुक्यातल्या वांगीजवळ क्रूझर आणि ट्रॅक्टरची धडक झाली. पाच पैलवान आणि चालक असे सहाजण गेले. एका आखाड्याची ऐन वयातली पोरं एका रात्रीत गेली.

कुस्ती एकट्याची, त्यामुळे तिथं गुणतक्त्याचा प्रश्न आला नाही. पण कोल्हापुरात फुटबॉल बघणाऱ्या माणसानं ही बातमी आपल्या दारातली म्हणूनच वाचायला हवी. आपले फुटबॉल संघसुद्धा तालमींचेच. पाटाकडील, दिलबहार, बालगोपाल, खंडोबा ही सगळी तालमींची नावं. शाहू स्टेडियमवरच्या सामन्यांतून सवड मिळाली की हीच पोरं गडहिंग्लज, मिरज, बेळगावकडं स्पर्धांना जातात, बहुतेक वेळा एकाच गाडीत दाटीवाटीनं बसून, आणि सामना संपल्यावर रात्रीच परततात. हिवाळ्यात फुटबॉलचा हंगाम रंगात येतो, तेव्हाच जत्रांची मैदानं आणि उसाचा गळीत हंगामही चालू असतो. मागं दिवा नसलेली ट्रॉली अंधारात अचानक पुढ्यात येते, हे या भागात गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे.

मग उद्या तसं काही झालंच, तर लीगनं काय करायचं? असा प्रश्न विचारणं काहींना अभद्र वाटेल. पण जगातल्या ज्या लीगवर ही वेळ आली, त्यांतल्या बहुतेकींनी उत्तर शोधलं ते अंत्ययात्रेच्या गर्दीत, आणि त्यातले काही निर्णय चुकले.

ब्राझीलचा अनुभव ताजा आहे. २८ नोव्हेंबर २०१६ ला शापेकोएन्से या छोट्या शहराच्या संघाचं विमान इंधन संपून कोलंबियात कोसळलं. ७७ पैकी ७१ माणसं गेली. ज्या अ‍ॅटलेटिको नॅसिओनालशी त्यांची अंतिम लढत होती, त्या क्लबनं स्वतःहून सांगितलं, करंडक त्यांना द्या. दक्षिण अमेरिकेच्या महासंघानं तो दिला. ब्राझीलच्या क्लबांनी खेळाडू उसने देऊ केले आणि तीन वर्षं या संघाला खालच्या गटात ढकलू नका, अशी मागणी केली. इथवर सगळं माणुसकीला धरून झालं. पण लीगचा शेवटचा सामना उरला होता, आणि तो झालाच पाहिजे असा आग्रह ब्राझीलच्या राष्ट्रीय महासंघाकडून धरला गेला. समोरच्या अ‍ॅटलेटिको मिनेइरोनं ठामपणे नकार दिला. ११ डिसेंबरला दोन्ही संघ मैदानावर आले नाहीत आणि दोघांच्याही नावावर वॉकओव्हरचा पराभव लागला. खेळाडूंच्या दफनाला जेमतेम आठवडा उलटला होता, आणि हिशेबाच्या वहीत त्या क्लबपुढं ‘गैरहजर’ अशी नोंद झाली. नियमात अशा वेळेसाठी जागाच नसली की कारकुनी हाताला दुसरं काही सुचत नाही.

याउलट इटली. ४ मे १९४९ ला तोरिनो संघाचं विमान तुरीनजवळच्या सुपर्गा टेकडीवर आदळलं. ३१ जण गेले, त्यांत १८ खेळाडू. तोरिनो लीगमध्ये आघाडीवर होता आणि चार सामने बाकी होते. विजेतेपद तोरिनोला बहाल झालं, पण उरलेले चारही सामने त्यांच्या युवा संघानं खेळले, आणि समोरच्या चारही क्लबांनी आपले कसलेले खेळाडू बाजूला ठेवून त्यांच्यापुढं पोरांचेच संघ उतरवले. मला हा सगळ्यात शहाणा प्रतिसाद वाटतो. खेळ थांबला नाही आणि दुबळ्या झालेल्याचा फायदाही कुणी घेतला नाही.

सोव्हिएत युनियनमध्ये ११ ऑगस्ट १९७९ ला दोन विमानं आकाशात एकमेकांवर आदळली आणि ताश्कंदच्या पख्ताकोर क्लबची १७ माणसं गेली. इतर क्लबांनी खेळाडू दिले आणि तीन वर्षं, क्रमांक कोणताही आला तरी, पख्ताकोरचं वरच्या गटातलं स्थान अबाधित ठेवलं गेलं.

पण मदत देताना एक गोष्ट सुटते, ती म्हणजे घरच्यांना विचारणं. २०११ च्या सप्टेंबरात रशियातल्या यारोस्लाव्हलचा लोकोमोटिव्ह हा आइस हॉकी संघ विमान अपघातात जवळजवळ अख्खा गेला. लीगनं पहिला सामना मध्येच थांबवला, हंगाम पुढं ढकलला आणि इतर संघांतून खेळाडू गोळा करून नवा संघ उभा करण्याची तयारी सुरू केली. क्लबनं मात्र त्या वर्षी वरच्या लीगमध्ये न खेळायचं ठरवलं. डिसेंबरपासून त्यांची तरुण पोरं खालच्या लीगमध्ये खेळली आणि पुढच्या हंगामात संघ परतला. शापेकोएन्सेनंही तीन वर्षांचं संरक्षण नाकारलं. २०१९ मध्ये ते खालच्या गटात गेले, पण निर्णय त्यांचा होता.

मँचेस्टर युनायटेडचं उदाहरण नेहमी धैर्याचं म्हणून सांगितलं जातं. ६ फेब्रुवारी १९५८ च्या म्युनिक अपघातात २३ जण गेले, त्यांत आठ खेळाडू. तेराव्या दिवशी संघ शेफील्ड वेन्सडेविरुद्ध कप सामन्यात उतरला. त्या दिवशीच्या कार्यक्रमपत्रिकेत युनायटेडच्या अकरा जागा कोऱ्या छापल्या होत्या, कारण कोण खेळणार हे छपाईपर्यंत ठरलंच नव्हतं. दुसऱ्या क्लबकडून कप खेळलेल्या स्टॅन क्राउदरला नियम शिथिल करून परवानगी मिळाली. युनायटेड ३-० नं जिंकला. पण डंकन एडवर्ड्स तेव्हा म्युनिकच्या इस्पितळात मृत्यूशी झुंजत होता आणि दोनच दिवसांनी तो गेला. ज्या दिवशी आपल्याकडं तेरावं घालतात, त्या दिवशी त्या पोरांना बूट बांधायला लावणं मला पटत नाही. शिवाय बेलग्रेडहून परतणाऱ्या त्या संघाला शनिवारच्या लीग सामन्याआधी इंग्लंडात पोचायचंच होतं. बर्फात तिसऱ्यांदा उड्डाणाचा प्रयत्न झाला, तेव्हा वेळापत्रकाचा ताणही त्या विमानात होताच.

आता आपल्याकडं येऊ. कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन, म्हणजे आपली केएसए, १९४० पासून आहे. हंगामाच्या तोंडावर खेळाडूंची नोंदणी होते, मग लीग, मग एकेक स्पर्धा. परदेशी क्लब आणि आपली तालीम यांत एक मोठा फरक आहे. मँचेस्टरला खेळाडू विकत घेता आले. आपल्याकडं बाहेरचे खेळाडू येतात खरे, पण संघ उभा असतो तो पेठेच्या पोरांवर. गोलरक्षकाचा भाऊ गणेश मंडळाचा अध्यक्ष असतो, बचावपटूचे वडील तालमीचे जुने खेळाडू असतात. संघ गेला तर त्या गल्लीतली घरंच्या घरं उजाड होतील. अशा वेळी दुसऱ्या दिवशी पंचांनी शिट्टी वाजवणं शक्यच नाही.

म्हणून माझं म्हणणं असं. किमान तेरावं होईपर्यंत लीगचा एकही सामना होऊ नये, कुणाचाही. उरलेला हंगाम खेळायचा की नाही, हे त्या तालमीनं ठरवावं आणि त्यासाठी तिच्यावर मुदतीचं दडपण नसावं. ती न खेळल्यास तिचे राहिलेले सामने प्रतिस्पर्ध्यांना फुकटचे तीन गुण देणारे ठरू नयेत, ते सरळ गणनेतूनच काढावेत. पुढचे तीन हंगाम तिचं गटातलं स्थान पक्कं असावं, आणि ते नको म्हणायचा अधिकारही तिचाच. तिच्यापुरती नोंदणी पुन्हा खुली करावी.

उसने खेळाडू हा आपल्याकडं सगळ्यात अवघड भाग. पेठापेठांतली ईर्ष्या गॅलरीत किती टोकाला जाते हे कोल्हापूरकराला सांगायला नको. दिलबहारचा पोरगा पाटाकडीलचा शर्ट घालून खेळतोय, हे चित्र आज अनेकांना सहन होणार नाही. तरीही २०१९ च्या महापुरात, पंचगंगा ४३ फुटांची धोका पातळी ओलांडून ५५ फुटांवर गेली तेव्हा, माणसं बाहेर काढताना या शहरानं कुणाची पेठ विचारली नव्हती. ते शहाणपण हंगामातही टिकेल, असा माझा विश्वास आहे. आणि उसने खेळाडू नकोच असतील, तर तोरिनोसारखी तालमीची लहान पोरं उतरवावीत आणि समोरच्यांनीही तसंच करावं.

सगळ्यात आधी मात्र पैशाचं बघावं लागेल. ही पोरं मानधनावर खेळतात, दिवसा कुठं तरी काम करतात, आणि अनेक घरांत कमावता तोच असतो. शापेकोएन्सेच्या कुटुंबांना विम्याच्या भरपाईसाठी वर्षानुवर्षं झगडावं लागलं. इथं प्रत्येक नोंदणीकृत खेळाडूचा अपघात विमा, त्यात प्रवासही धरलेला, लीगच्या नावानं असायला हवा. त्याचा हप्ता एका सामन्याच्या तिकीटविक्रीतूनही काढता येईल.

केएसएच्या पदाधिकाऱ्यांना आणि तालमींच्या कारभाऱ्यांना एवढीच विनंती आहे. पुढच्या हंगामाची नोंदणी सुरू होण्यापूर्वी एकत्र बसा, ही कलमं नियमावलीत घाला, आणि बाहेरगावच्या सामन्यानंतर संघाला रात्री मुक्कामाची सोय नसेल तर त्या स्पर्धेचं निमंत्रण घेऊ नका.