एका कोयत्याच्या तीन नोंदी

दसरा झाला की बीड जिल्ह्यात धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर कासार भागातल्या रस्त्यांवर ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या दिसायला लागतात. भांडीकुंडी, गोधड्या, सरपण, शेळी आणि सगळ्याच्या वर बसलेली पोरं. ऊसतोडीची टोळी निघालेली असते सांगली-कोल्हापूरकडं, नाहीतर थेट कर्नाटकात. मला मात्र त्या ट्रॉलीकडं बघून माझ्या धंद्याचाच प्रश्न पडतो. त्यातला एक कोयता, म्हणजे संगणकाच्या टेबलातली एक ओळ की दोन?

पुण्या-मुंबईच्या वाचकासाठी सांगायला हवं. ऊसतोडीत कोयता म्हणजे नुसतं हत्यार नव्हे, नवरा-बायकोची जोडी. उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, कोयत्यावर मिळते, खाडा झाला तर दंड कोयत्यावर लागतो, मजूर पुरवणारा मुकादम टोळीही कोयत्यांतच मोजतो. बायको त्यात असते, पण तिचं नाव कुठं नसतं.

माझा पेशा आयटी सांभाळण्याचा. गावात विचारलं तर ‘कॉम्प्युटर दुरुस्त करतो’ असं सांगतात, आणि ते अगदीच खोटं नाही. आधी साखर कारखाना, मग महाविद्यालय, मग स्वयंसेवी संस्था असा माझा प्रवास. बीड आणि आयटी म्हटलं की हल्ली आष्टी तालुक्यातल्या सांगवीच्या दादासाहेब भगत यांचं नाव निघतं. इन्फोसिसमध्ये महिना ९००० रुपयांवर रूमबॉय म्हणून लागलेला हा मुलगा डिझाइन शिकला, स्वतःची कंपनी काढली, लॉकडाऊनमध्ये गावच्या गोठ्यात ऑफिस थाटलं आणि पुढं ‘शार्क टँक’पर्यंत पोचला. कौतुक व्हायलाच हवं. पण दुसऱ्यांची यंत्रं चालू ठेवणाऱ्या आमच्यासारख्यांची गोष्ट कुणी विचारत नाही. कारण आमचं काम नीट झालं तर ते दिसतच नाही.

कारखाना सहकारी असो की खासगी, गाळप हंगामात त्याचं काळीज एकच असतं : वजनकाटा. मी लागलो तेव्हा काट्यावर डॉस आणि फॉक्सप्रोचं राज्य होतं. डॉट मॅट्रिक्स प्रिंटरच्या किरकिरीनं रात्र सरायची. भरलेली गाडी काट्यावर येते, वजन होतं, ऊस गव्हाणीत पडतो, रिकाम्या गाडीचं वजन होतं, दोन्हींतला फरक म्हणजे ऊस. ऐकायला सोपं. पण त्या एका पावतीला शेतकऱ्याचा खातेक्रमांक, गट नंबर, उसाची जात, लागणीची तारीख, वाहन, वाहतूकदार आणि मुकादम एवढं सगळं लटकलेलं असतं. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणं ऊस आल्यापासून १४ दिवसांत शेतकऱ्याला पैसे द्यायचे असतात, आणि ते बिल निघतं याच पावत्यांतून. रात्री दोन वाजता काट्याचा संगणक बसला की बाहेर गाड्यांची रांग लागते, उभा ऊस वाळतो, वजन घटतं. तेव्हा शेती अधिकारी, चेअरमन, ड्रायव्हर सगळेच तुमच्या नावानं बोंब मारतात. ‘सिस्टम डाउन’ म्हणजे काय, हे मला कुठल्या कोर्समध्ये नव्हे, त्या रांगेनं शिकवलं. बॅकअप नावाची गोष्टही तिथंच अंगी बाणली.

वीज हे आणखी एक दुखणं. औष्णिक वीजकेंद्र आमच्याच जिल्ह्यात, परळीला. पण २०१३ च्या दुष्काळात पाण्यावाचून तेच बंद पडलं होतं. त्यामुळं इथला आयटीवाला सर्व्हर नंतर बघतो, आधी इन्व्हर्टरच्या बॅटरीतलं पाणी बघतो.

तर त्या फॉक्सप्रोच्या टेबलात तोडणीचा हिशेब मुकादमाच्या किंवा वाहतूकदाराच्या नावावर जायचा. खाली कोयत्यांची संख्या. टेबल मीच बांधलं होतं, आणि त्यात काही चुकतंय असं तेव्हा मला वाटलंही नाही. कंपनीत तुम्ही ज्याला पैसे देता त्याची नोंद ठेवता. बाकीचे तिच्या लेखी नसतात.

महाविद्यालयात आलो आणि वाटलं, सुटलो. इथं रात्रीची रांग नाही. पण इथं वर्षाचं चक्र फॉर्मांचं : प्रवेश, विद्यापीठाचे परीक्षा अर्ज, महाडीबीटीची शिष्यवृत्ती, केंद्राचं उच्च शिक्षण सर्वेक्षण, आणि मूल्यांकनासाठी नॅकची समिती यायची ठरली की सगळी इमारतच संगणक विभागात. इथली ओळ म्हणजे विद्यार्थी. स्वच्छ, एकटा, क्रमांक असलेला. मात्र ऊसतोड कुटुंबातली मुलं अर्ज भरायच्या दिवसांत फडावर असतात, आणि नेमकी तेव्हाच शेवटची तारीख येते. शाळांत तर याहून अवघड. २०१५ पासून राज्यात ‘सरल’ प्रणाली आली, मुलाची नोंद ऑनलाइन झाली. पण दिवाळीला गेलेलं आणि उन्हाळ्यात परतलेलं मूल पटावर आहे की गळालं? त्यासाठी शासनानं शिक्षण हमी कार्ड काढलं, गावोगाव हंगामी वसतिगृहं चालवली, म्हणजे आईबाप गेले तरी पोर आजीपाशी राहावं आणि जेवणाची सोय व्हावी. कल्पना चांगल्याच. पण कार्ड पेटीत तळाशी जातं आणि कारखान्याजवळच्या शाळेला मूल नव्यानं आल्यासारखं दिसतं.

स्वयंसेवी संस्थेत पगार कमी आणि प्रश्न जास्त. आमच्या भागात या कामाला जुनी परंपरा आहे. अंबाजोगाईत डॉ. द्वारकादास लोहिया यांनी १९८२ मध्ये ‘मानवलोक’ उभी केली, शैला लोहियांनी ‘मनस्विनी’तून बायकांचे प्रश्न हातात घेतले. तेव्हा हिशेब वह्यांत होते. आज प्रत्येक देणगीदाराला त्याच्याच एक्सेलमध्ये, त्याच्याच रकान्यांत आकडे लागतात. त्यात परदेशी देणग्यांच्या कायद्यात २०२० मध्ये दुरुस्ती झाली : परदेशी पैसा आधी दिल्लीत स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यात यायला हवा, आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर. ही दुसरी अट आमच्या मुळावर आली. कारण संगणक, सर्व्हर, इंटरनेट आणि ते सांभाळणारा माणूस हे सगळं सहसा ‘प्रशासकीय’ खात्यात मोडतं. गावात झाड लावलं तर तो प्रकल्प. लावलेल्या झाडांची नोंद ठेवली तर तो वरखर्च.

पण इथंच मला पहिल्यांदा ओळ मोडून बघावी लागली. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न देशभर गाजला. विधान परिषदेच्या उपसभापती नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. जिल्ह्यात ८२,३०९ महिलांची पाहणी झाली, त्यांतल्या १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं निघालं. म्हणजे शंभरात जवळपास १७. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या चौथ्या फेरीत १५ ते ४९ वयोगटातल्या बायकांसाठी देशाचा हाच आकडा सुमारे ३ होता. वयोगट वेगळे असतील, तंतोतंत तुलना नको. तरी फरक लपत नाही. कारणं सगळ्यांना माहीत : पाळीत खाडा परवडत नाही, फडावर आडोसा नाही, पाणी नाही, आणि पोट दुखतं म्हणून गेलं तर दवाखान्यात ‘पिशवी काढून टाका’ हा सल्ला तयार.

मला मात्र वेगळंच बोचत राहिलं. एवढा आकडा इतकी वर्षं दिसला कसा नाही? कारखान्याच्या टेबलात ती अर्धा कोयता होती. शाळेच्या टेबलात पाल्याची माता. दवाखान्याच्या रजिस्टरात एक केस. तिच्या स्वतःच्या नावाची ओळ पाहणीसाठी नव्यानं आखावी लागली.

आमच्या संस्थेनंही ऊसतोड बायकांच्या अशा नोंदी करायला घेतल्या. पण अशी ओळ आखणं म्हणजे तरी काय? लग्नानं बदललेलं नाव, आधारवर माहेरचं, रेशनकार्डावर सासरचं. आडनाव एका कागदावर मुंडे, दुसऱ्यावर मुंढे. जुन्या नोंदी वेगवेगळ्या मराठी फाँटांतल्या, युनिकोडमध्ये आणल्या की रफार आणि वेलांट्या उड्या मारणाऱ्या. एकच बाई तीनदा मोजली जाऊ नये म्हणून आम्ही शेवटी मोबाइल नंबरावर जुळणी लावली. पहिल्याच तालुक्यात एकच नंबर चौदा बायकांपुढं आला. तो मुकादमाचा होता.

२०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानं संमती मागायची सूचना माणसाला त्याच्या भाषेतही मिळाली पाहिजे, असं सांगितलं आहे. आम्ही ती साध्या मराठीत लिहिली, मोठ्यानं वाचून दाखवायची पद्धत ठेवली, संमतीची खूण म्हणून ओटीपी ठेवला. गेल्या हंगामाच्या तोंडावर आमच्या कार्यकर्तीचा फोन आला.

“सर, ताईंनी सगळी माहिती दिली. हो पण म्हणाल्या.”

“मग अडलंय कुठं?”

“ओटीपी मुकादमाकडं गेलाय. तो तिकडं कर्नाटकात टोळी उतरवतोय. तासाभरानं सांगतो म्हणाला.”