शेवटी डबल ई : सही करण्यापूर्वी अर्थ ओळखा



काही वर्षांपूर्वीची गोष्ट. हदगावला आमच्या वस्तीतील एक भगिनी विम्याचे कागद घेऊन संध्याकाळी घरी आली. नवरा अचानक गेलेला, पदरी दोन लेकरे. पॉलिसी लग्नाआधीची, त्यामुळे नॉमिनीच्या रकान्यात नवऱ्याच्या धाकट्या भावाचे नाव. ती म्हणाली, "भाऊ, कागदावर दिराचं नाव हाय म्हनं. मंग माझ्या लेकरायचं काय?"

दीरही शेजारी उभा होता. आपणच मालक झालो, अशी त्याचीही प्रामाणिक समजूत होती. दोन घरांत अबोला धरायला एवढा एक शब्द पुरला होता.

आमच्या पिढीला इंग्रजी इयत्ता पाचवीत भेटली. २००० सालापासून ती पहिलीत आली. मुले आता स्पेलिंग पाठ करतात, पण अर्जावरचे, करारावरचे शब्द घरात कोणी समजावून सांगत नाही. नॉमिनी हा अशाच एका कुळातील शब्द. त्या कुळाची खूण म्हणजे शब्दाच्या शेवटी दोन 'ई', शाळेच्या भाषेत डबल ई.

ही जोडी आली कोठून?

१०६६ साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकले आणि पुढे तेथील कोर्टकचेरीत फ्रेंच भाषा शिरली. फ्रेंचमध्ये 'केलेला', 'दिलेला' असा अर्थ दाखवणारे रूप 'ए' उच्चाराने संपते. इंग्रजांनी ते डबल ई लावून लिहिले. म्हणून ज्या शब्दाच्या शेवटी 'ई-आर' किंवा 'ओ-आर' तो करणारा, देणारा. आणि ज्याच्या शेवटी डबल ई तो ज्याला दिले, ज्याच्यासाठी केले तो. बोलताना जोरही बहुधा शेवटच्या 'ई'वर द्यावा.

जोड्या लक्षात ठेवा

एम्प्लॉयर – काम देणारा, मालक. एम्प्लॉयी – कामावर ठेवलेला, नोकर.

ड्रॉवर – चेक लिहून देणारा. ड्रॉई – ज्या बँकेवर चेक काढला ती. पेयी – ज्याला पैसे द्यायचे तो. हे तिघे १८८१ च्या चलनक्षम दस्तऐवज कायद्यातले. चेकवर दोन तिरप्या रेघा मारून 'अकाउंट पेयी' लिहिले, की पैसे पेयीच्याच खात्यात जमा होतात. रोख कोणालाच मिळत नाहीत. चेक हरवला तरी ही दोन अक्षरे राखण करतात.

लेसर – जमीन किंवा दुकान भाडेपट्ट्याने देणारा. लेसी – घेणारा.

मॉर्टगेजर आणि मॉर्टगेजी – येथे भलेभले चुकतात. कर्ज घेणारा तो मॉर्टगेजी, असे वाटते. प्रत्यक्षात उलट आहे. शेतकरी जमीन गहाण देतो, म्हणून तो मॉर्टगेजर; गहाण घेणारी बँक ही मॉर्टगेजी. पैसे कोणी घेतले ते पाहू नका, गहाण कोणी दिले ते पाहा.

ट्रस्टी – विश्वासाने ज्याच्या हाती मालमत्ता सोपवली तो. तो राखणदार असतो, मालक नव्हे. विहाराच्या, शाळेच्या ट्रस्टींनी हा अर्थ जरूर ध्यानात ठेवावा.

कमिटी – स्पेलिंगमध्ये एम, टी आणि ई या तिन्ही अक्षरांच्या जोड्या. मूळ अर्थ ज्याच्याकडे काम सोपवले तो माणूस; पुढे तो मंडळाला लागू झाला. २९ ऑगस्ट १९४७ रोजी नेमलेल्या ड्राफ्टिंग कमिटीकडे घटनेच्या मसुद्याचे काम सोपवले गेले आणि तिचे अध्यक्ष झाले डॉ. बाबासाहेब आंबेडकर.

अपवादही आहेत

रेफ्युजी म्हणजे आश्रयाला आलेला आणि ॲबसेंटी म्हणजे गैरहजर. हे दोघे स्वतःच करणारे, तरी शेवटी डबल ई. फी, डिग्री, कॉफी हे तर माणसेच नव्हेत. गॅरंटी हाही तसाच. गॅरंटी देणारा तो गॅरंटर, आपल्याकडचा जामीनदार. मित्राखातर सही करताना एक आठवा : १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे, करारात वेगळे ठरले नसेल तर, जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. बँक थेट त्याच्याकडेही वसुली मागू शकते.

नॉमिनी म्हणजे मालक का?

नॉमिनी म्हणजे ज्याचे नाव सुचवले तो. सरबती देवी विरुद्ध उषा देवी या खटल्यात १९८३ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की विम्याचा नॉमिनी रक्कम फक्त स्वीकारतो. हक्क वारसांचा राहतो. २०१५ च्या दुरुस्ती कायद्याने एक बदल केला : विम्यात आई-वडील, पती किंवा पत्नी, मुले यांना नॉमिनी केले असेल तर रक्कम त्यांचीच. भाऊ या यादीत नाही. बँकेतल्या ठेवीचा नॉमिनीही पैसे स्वीकारणाराच. १ नोव्हेंबर २०२५ पासून खात्याला चार नॉमिनी नेमता येतात.

वारस कोण, हे १९५६ चा हिंदू वारसा कायदा ठरवतो. तो बौद्धांनाही लागू आहे. मृत्युपत्र नसेल तर पत्नी, मुलगा, मुलगी आणि आई यांना त्यात सारखा वाटा आहे.

हे सारे मी त्या संध्याकाळी दिरासमोर वाचून दाखवले. तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "वहिनी, पैसे माझ्या हातात येतील, पण ते तुमचे." आणि त्याने शब्द पाळला. रक्कम वहिनी, लेकरे आणि म्हातारी आई यांच्या नावे जमा झाली. मनात लोभ नव्हताच. शब्दाचा अर्थ तेवढा माहीत नव्हता.

पण प्रत्येक घरी असा दीर असेलच असे नाही. म्हणून येत्या रविवारी घरातली पासबुके, पॉलिसी, फंडाचे कागद बाहेर काढा. लग्न झाले, मूल झाले, कोणी वारले, तर नॉमिनीचे नाव बदलून घ्या. आणि हे वाचन दहावीतल्या मुलीकडून करून घ्या. डबल ई दिसला की तिला विचारा, "सांग बेटा, यात देणारा कोण अन् घेणारा कोण?" तिचा इंग्रजीचा अभ्यास होईल आणि घरचे कागदही जागेवर लागतील.